पितृपक्षातली चाचणी

मागे एकदा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलं होतं, आजी, तू नक्की काय काम करतेस? धाकट्याने परस्पर उत्तरही देऊन टाकलं होतं, "आजी डॉक्टर आहे." मी डॉक्टर नाही. नर्स नाही, इंजिनिअरही नाही. माझ्या कार्डावर जे छापलेलं आहे त्याचं मराठी करायला गेलं तर ‘आरोग्य कार्यक्रम व्यवस्थापन सल्लागार’ असं काहीतरी होतं, आणि ते ऐकून रत्नागिरीत कुणालाच काही कळत नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी अजूनही विचारतात, "म्हणजे तुम्ही औषधं विकता का हो?"

काम साधं आहे. हॉस्पिटलात नवीन काही सुरू करायचं असतं तेव्हा पैसे एकाचे, जागा दुसऱ्याची, यंत्रं तिसऱ्याची आणि माणसं चौथ्याची असतात. प्रत्येक जण आपलं काम चोख करतो आणि तरी गोष्ट सुरू होत नाही, कारण प्लंबर यायच्या आधीच फरशीवाला येऊन गेलेला असतो. कशानंतर काय आणि एक अडलं की पुढचं काय काय अडेल, एवढं मी बघते. मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात मी हेच करत होते. निवृत्त होऊन तुमच्या आजोबांबरोबर इथे आले, तर इथेही लोक तेच विचारायला येऊ लागले.

थोरलीने त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारला होता. आजोबा गेले तेव्हा तू रडली का नाहीस? मी म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर बोलू. आवाज तुटत नव्हता. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते आजही नीटसं माहीत नाही. पण त्या दिवसांत मी काय करत होते ते क्रमाने लिहून काढता येईल असं वाटलं, म्हणून लिहिते.

आजोबांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्यांचं डायलिसिस सुरू झालं. शरीरातली घाण आणि जादा पाणी मूत्रपिंडांनी काढायचं, ते यंत्र काढतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्यासाठी डाव्या हाताच्या दोन रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेने जोडतात, म्हणजे तिथे सुया टोचता येतात. त्या जागेवर बोटं ठेवली की आत थरथर लागते, काडेपेटीत भुंगा ठेवल्यासारखी. थरथर आहे म्हणजे वाहिनी चालू आहे. रोज सकाळी चहाच्या आधी मी ती तपासत असे. ते हात पुढे करत आणि रेडिओ लावल्यासारखं विचारत, "काय म्हणतंय स्टेशन?" मी म्हणत असे, "लागतंय."

या आजारात पाणी मोजून प्यायचं आणि पोटॅशियम जास्त असलेलं काही खायचं नाही. कोकणात राहायचं आणि नारळ नाही, आंबा नाही, केळं नाही. भाजी चिरून पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकायचं, मग उकडायची आणि तेही पाणी फेकायचं. उरेल त्याला फोडणी द्यायची. दोघांसाठी दोन भाज्या कशाला, म्हणून मीही तेच खात असे. नारळ खवायची विळी मी माळ्यावर टाकली.

त्यात इथली एक रीत. आजारी माणसाला भेटायला जाताना रत्नागिरीत कुणी रिकाम्या हाताने जात नाही, शहाळं घेऊन जातात. पायरीवर पाय ठेवायच्या आधी शहाळं पुढे करतात. मी प्रत्येकाला समजावून सांगायची, की यांना हे विषासारखं आहे, याने हृदय बंद पडू शकतं. ते मान डोलवत, फार वाईट झालं म्हणत, आणि पुढच्या वेळी येताना दोन घेऊन येत. एक यांना नको तर तुम्हाला. मी ती सगळी खाली वॉचमनला देऊन टाकायची. एक दिवस तो हात जोडून म्हणाला, "काकू, आता नको. मला सर्दी झालीय."

डायलिसिसला आजोबांच्या शेजारच्या बेडवर एक बाई असायची. तिशीतली, घाटाच्या पायथ्याजवळच्या एका वाडीतली. नवरा मुंबईला कामाला, घरी सासू-सासरे आणि एक लहान मुलगी. ती एसटीने एकटी यायची. आजोबा तिला शेजारीणबाई म्हणत, ती त्यांना काका आणि मला काकी. सुया टोचून झाल्या, यंत्र फिरायला लागलं, की दोघांचा खेळ सुरू होई.

"काय शेजारीणबाई, आज जेवायला काय?"

"आज होय? बांगड्याचा सार, नारळाच्या रसातला. आनि उकड्या तांदळाचा भात. तुमच्याकडं?"

"आमच्याकडे नुसतं शहाळं. मलईवालं. एक झालं, दुसरं फोडतोय."

"काका, गप बसा. घसा सुकतो माजा."

डायलिसिसच्या आधी वजन करतात. मधल्या दिवसांत चोरून पाणी प्यालं असेल तर ते तिथे दिसतं. तिथली नर्स जाता जाता म्हणायची, "दोघांचीही वजनं मघाशी बघितलीयत मी. जेवणं कमी करा." ते ऐकून दोघंही निरागस चेहरे करून छताकडे बघत.

त्या बाईच्या तालुक्याच्या गावी, तिथल्या सरकारी हॉस्पिटलात एक डायलिसिस केंद्र सुरू करायचं ठरलं होतं. यंत्रांचा खर्च एका संस्थेने उचलला होता आणि ते सगळं जुळवायचं काम त्यांनी मला दिलं. आजोबा माझ्यावर खूश होते. शेजारीणबाईला सांगत, "आमची सरकार तुझ्या दारात यंत्र आणून ठेवणार आहे. मग मला विसरशील तू."

आजोबा मे महिन्यात गेले. सकाळी चहाच्या आधी मी नेहमीसारखी हातावर बोटं ठेवली. थरथर नव्हती. मी बोटं थोडी वर सरकवली, मग खाली. मग ओट्याशी जाऊन गॅस बंद केला, कारण चहा उतू जाणार होता. त्यानंतर डॉक्टरांना फोन केला, त्यानंतर तुमच्या बाबाला. पुढचं तुम्ही फोनवर पाहिलंत. मी पाहुण्यांच्या झोपायच्या जागा ठरवत होते, कुणाला स्टेशनवरून कोण आणणार हे ठरवत होते. सगळे म्हणाले, किती धीराची बाई. धीराचा संबंध नव्हता. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की गाल आपला असतो आणि नसतो, तसं काहीतरी होतं, आणि ते सगळीकडे होतं.

दिवसकार्य आटोपून सगळे गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. संस्थेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही इतक्यात कॉलवर यायची गरज नाही." मी विचारलं, गच्चीवरची पाण्याची टाकी बसली का? बसली नव्हती. डायलिसिसला फार शुद्ध पाणी लागतं, आणि टाकी नाही तर पाण्याचा प्लांट नाही, प्लांट नाही तर पाण्याचा तपास नाही, तपास नाही तर पेशंट नाही. म्हणून मी टाकीच्या मागे लागले. पावसाळाभर मी आठवड्यातून दोनदा त्या हॉस्पिटलात गेले. टाकी बसली, प्लांट आला, यंत्रं आली, तंत्रज्ञ म्हणून एक हुशार मुलगी मिळाली.

घरी मी भाजी चिरून भिजत घालत होते, पाणी फेकत होते, उकडत होते, पुन्हा पाणी फेकत होते. भांडी घासायला येणारी बाई काही दिवस बघत राहिली, मग म्हणाली, "काकू, आता कशाला उकडताय? तुम्हाला काय झालंय?" मी म्हटलं, "सवय." त्या बेचव भाजीची मला अडचणही नव्हती. कशालाच चव नव्हती, तर भाजीलाच का असावी?

गणपती झाले. नव्या केंद्रात कोण कोण येणार हे विचारायला मी तालुक्यातल्या पेशंटना फोन करत होते. शेजारीणबाईला लावला.

"काकी, माजा नाव नका घालू," ती म्हणाली.

"का गं?"

"मी थांबवतंय आता."

गणपतीत तिने डायलिसिस चुकवलंच होतं. पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती.

"यंदा गवर आणली, पूजली, सगळ्यांबरोबर सुपं भरून तिला ओवसा दिला. पोरीला परकर शिवला. आता बास झाला," ती म्हणाली. "सकाळी काळोखात वाडीतनं उतरायचा, यष्टी पकडायची, येयस्तोवर पुन्ना काळोख. जाते तवा पोरगी निजलेली, येते तवा पन निजलेली. मी तिला बगतच नाय. मंग जगून काय करतंय मी?"

डायलिसिस थांबवलं की माणूस किती काळ राहतो ते मला माहीत होतं. महिने नाहीत. मी ‘बरं’ म्हटलं. खरंच, तेवढंच म्हटलं. मग माझी नजर समोरच्या, केंद्राच्या कामांच्या तक्त्यावर गेली. पाण्याचा रिपोर्ट त्या आठवड्यात येणार होता. त्यानंतर यंत्रं चालवून बघायला थोडे दिवस. म्हणजे केंद्र पितृपक्षात तयार होत होतं. उद्घाटन मात्र नवरात्रात होतं.

"तुझ्या गावाजवळ सुरू झालं तर येशील?" मी विचारलं.

"जवळ झाला तर येयन. दुपारच्याला घरात असंन. पन तुमचा कंदी होणार? काका असल्यापास्न ऐकतंय मी."

"याच महिन्यात," मी म्हटलं. "तोवर रत्नागिरीला एकदा तरी जाऊन ये. निदान एकदा."

तुम्हाला पितृपक्ष म्हणजे काय ते माहीत नसेल. गणपतीनंतरचा पंधरवडा. त्या दिवसांत घरातली गेलेली माणसं पाहुणी येतात असं मानतात. त्यांना जेवू घालतात आणि नवीन काही सुरू करत नाहीत. घर नाही, गाडी नाही, लग्नाची बोलणीही नाहीत. तिथले अधीक्षक डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख, तसे समजूतदार गृहस्थ. पण उद्घाटनाला एक मोठे पुढारी यायचे होते.

"साहेबांची वेळ मिळालीय ती नवरात्रातली," ते म्हणाले. "त्याच्या आधी आपण सुरू केलं तर साहेब काय कापणार? फीत की माझी बदली?"

"उद्घाटन साहेबांच्याच हस्ते," मी म्हटलं. "त्याआधी चाचणी."

"चाचणीत पेशंट?"

"पेशंटशिवाय डायलिसिसची चाचणी कशी होईल? पाण्याचा रिपोर्ट चांगला आलाय. मूत्रपिंडाचे डॉक्टर रत्नागिरीहून येऊन उभे राहायला तयार आहेत."

त्यांनी हातातलं पेपरवेट कागदांवर ठेवलं. "त्या दिवशी माझी जिल्ह्याला मिटिंग असेल," ते म्हणाले. "चाचणी झाली असं तुम्ही मला नंतर कळवाल. आणि पितृपक्षात नव्या यंत्रावर पहिलं कोण झोपणार, तो पेशंट तुम्ही शोधा. मला इथे कुणी मिळणार नाही."

ते खरं निघालं. यादीतल्या प्रत्येकाला फोन केला. एक मास्तर होते, निवृत्त. म्हणाले, "माझा विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर. पण घरात विचारावं लागेल." घरातून नकार आला. दुसरा म्हणाला, आधी कुणीतरी झोपू दे, मग मी येतो. तिसऱ्याने सरळ सांगितलं, नवरात्रात. शेजारीणबाई म्हणाली, "मला काय, मी आजच येतंय. पन सासरे नाय म्हणतील. ते गावकर हायत."

गावकर म्हणजे गावचा मानकरी. देवळात, शेतात, लग्नघरी काही सुरू व्हायच्या आधी जो सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो, तो. त्या बोलण्याला गाऱ्हाणं म्हणतात. त्याने नाही म्हटलं तर वाडीतलं पानही हलत नाही.

म्हणून मी त्यांच्या वाडीत गेले. शेवटचा चढ पायी. खळ्यात भात वाळत नव्हता, पण शेणाने सारवलेलं होतं. सासरे पडवीत दोरी वळत बसलेले, शिडशिडीत म्हातारे. सून आत जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. फोननंतर ती एकदाच रत्नागिरीला जाऊन आली होती. आडवं झालं की तिला श्वास घेता येत नव्हता. मुलगी तिच्या सुजलेल्या पावलावर बोट दाबून खळगा पाडत होती आणि तो भरून यायची वाट बघत होती.

मी काय ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्या पंधरवड्यात नव्याला हात लावत नाय आमी," ते म्हणाले.

"नवं काहीच नाही. चाललंय तेच. फक्त जागा बदलते."

"जागा बदलली म्हंजे नवाच की."

"नवरात्रापर्यंत थांबलो तर ती राहणार नाही," मी म्हटलं. मी हे अगदी सपाट आवाजात म्हटलं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मला ते निर्दय वाटलं असतं.

ते आत बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "तुमचा मालक गेला म्हणं. ही सांगत होती. ह्याच दुखन्यानं?"

"हो."

"महालय कंदी तुमच्याकडं?"

"भरणीला. पुतण्या करणार आहे."

"आनि तुमी हिकडं डोंगर चढताव."

"काम आहे."

"काम हाय," ते म्हणाले, जणू मी काहीतरी पटण्यासारखं बोलले होते. सासूने चहा आणून ठेवला. त्यांनी बशीत ओतून पूर्ण पिऊन संपवला आणि मगच पुन्हा बोलले. "देवाला नाय सांगता येनार ह्या दिवसांत. पन वाडवडील आलेलेच हायत घरोघर. त्यांनाच सांगू. त्यांच्या पंधरवड्यात त्यांना इचारून केला तर त्यांची ना नसंल. मातर गाऱ्हाना मी घालनार, आनि नारळ फोडनार."

आतून सून म्हणाली, "घाला काय ता, पन लवकर घाला. मला बसवत नाय."

"बघा," म्हातारे मला म्हणाले, "तोंडाला काय सूज नाय हिच्या."

घरी येऊन मी तक्ता उघडला. पाण्याचा अंतिम तपास आणि पेशंट यंत्राला जोडणे या दोन ओळींच्या मध्ये एक ओळ घातली. इंग्रजी तक्त्यात तिला शब्द सापडेना, म्हणून ‘गाऱ्हाणं’ असंच लिहिलं. जबाबदार व्यक्ती या रकान्यात ‘पेशंटचे सासरे’.

त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात अधीक्षक नव्हते. मूत्रपिंडाचे डॉक्टर होते, तंत्रज्ञ मुलगी होती, एक नर्स आणि एक शिपाई. शेजारीणबाईला वाडीतून डोलीत बसवून रस्त्यापर्यंत आणलं होतं, तिथून गाडीत. सुयांच्या आधी तिने हात माझ्यापुढे केला.

"बगा वो काकी, काका बगायला लावायचे तसा. गणपतीत मी लय हाल केलेत त्याचे."

मी बोटं ठेवली. मला वाटलं होतं तेवढं सोपं गेलं नाही ते. आत थरथर होती. मी लगेच बोटं काढली नाहीत.

"लागतंय," मी म्हटलं.

म्हातारे नारळ घेऊन थेट यंत्राकडे निघाले होते. तंत्रज्ञ मुलगी आडवी आली. आत चप्पल नाही, पाणी सांडणं नाही, नारळ तर नाहीच. त्यांचं थोडं वाजलं. शेवटी दाराबाहेर, उंबऱ्याशी करायचं ठरलं. आम्ही सगळे त्यांच्या मागे उभे राहिलो. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि एकदम त्यांचा आवाज बदलला. एवढ्याशा छातीतून तो यावा हे पटत नव्हतं.

"बा वाडवडलांनो, मूळपुरुषांनो. आज तुमचा पंधरवडा. ह्या दिवसांत आमी कशाला हात लावत नाय, ह्या तुमाला ठाव हाय. पन तुमच्या घरची सून अडलीय. यंत्र नवा हाय, मानसा नवी हायत. काय चुकलामाकला असंल तर लेकरांचा म्हनून पदरात घ्या, आनि तिला दुपारची हसतखेळत घरला आना."

"होय म्हाराजा," शिपाई म्हणाला. नर्स म्हणाली. डॉक्टर दक्षिणेतले, रत्नागिरीत नवे होते. तेही आमच्या मागोमाग काहीतरी म्हणाले.

मला वाटलं झालं. मी आत वळणार होते.

"आनि ह्या बाय आल्यायत," ते पुढे म्हणाले, मागे वळून न बघता, "यांचा मालक ह्याच दुखन्यानं गेला. तोही ह्या दिवसांत आलेला असंल. माज्या सुनेच्या बाजूला झोपायचा तो, त्याला ह्या यंत्राचा सगळा ठाव हाय. त्यानं आज हितं ऱ्हावा, नजर ठेवावी, आनि आपल्या मानसाच्या पाठीवरनं हात फिरवून मंग जावा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले. उशिरा, एकटीच, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर.

नारळ एका फटक्यात फुटला. म्हाताऱ्यांनी पाणी स्टीलच्या वाटीत धरलं, खोबऱ्याचा तुकडा काढला आणि सुनेला तीर्थप्रसाद द्यायला निघाले. या सगळ्या महिन्यांत माझं अंग इतक्या झटकन कधी हललं नव्हतं. मी त्यांच्या आणि बेडच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"तिला नाही."

"तीर्थ हाय, बाय. चमचाभर."

"तीर्थ असलं तरी. ती बरेच दिवस डायलिसिसशिवाय आहे. आज तिला एक चमचासुद्धा नाही."

बेडवरून शेजारीणबाई म्हणाली, "काका असते तर त्यांनी मागितला असता."

"मागितलं असतं," मी म्हटलं. "दिलं नसतं मी."

"ता पन खरा. लय कडक बाय ही," ती सासऱ्यांना म्हणाली. म्हाताऱ्यांनी बोट पाण्यात बुडवलं, तिच्या कपाळाला आणि डोळ्यांना लावलं, आणि उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं.

सुया टोचल्या. यंत्र फिरायला लागलं. थोड्या वेळाने ते जोरात ओरडलं आणि म्हातारे उठून उभे राहिले. मीही उठले. नळी तिच्या कोपराखाली दुमडली होती, एवढंच. तंत्रज्ञ मुलीने ती सरळ केली, आवाज थांबला. म्हातारे बसले आणि दाराकडे बघून, जणू तिथे कुणी उभं असावं तसे, हळूच म्हणाले, "ध्यान ठेवा जरा." मीही दाराकडे बघितलं.

पहिल्या वेळी कमीच वेळ ठेवतात. दुपारी ती आपल्या पायांनी उठली, भिंत धरून गाडीपर्यंत गेली. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, "परवा किती वाजता येव?"

मी वेळ सांगितली. सासऱ्यांनी नारळाची एक वाटी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. नको म्हणायचा प्रश्नच नव्हता, गाडी सुटली होती.

घरी आले तेव्हा ओट्यावर सकाळी चिरून ठेवलेलं शिराळं पाण्यात भिजत होतं. नारळाची वाटी मी त्याच्या बाजूला ठेवली. हातपाय धुतले. अधीक्षकांना, चाचणी झाली, म्हणून कळवलं. मग स्टूल घेऊन माळ्यावरची विळी काढली. गंजली होती, घासली, धुतली, पुसली. खोबरं खवायला बसले तर हात आपोआप दोन माणसांच्या अंदाजाने खवत गेला, आणि मी थांबवला नाही. शिराळ्याचं पाणी तेवढं काढून टाकलं, उकडलं मात्र नाही. तशीच फोडणी दिली, वरून सगळं खोबरं घातलं. जेवायला बसले. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. ते मला कळलं.

बाकीचा बधिरपणा संपला नाही. दुसऱ्या दिवशी तसंच होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. नवरात्रात उद्घाटन झालं. साहेबांनी फीत कापली आणि त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मास्तर आता तिथेच येतात आणि आपणच पहिले होतो असं लोकांना सांगतात.

पण मला सांगायचं होतं ते त्या परवाचं. शेजारीणबाईची दुसरी वेळ होती. सूज उतरलेली, आडवी झोपली होती. मी पाण्याच्या प्लांटचे आकडे बघायला गेले होते आणि तिच्या बेडवरून पुढे निघाले होते. तिने हाक मारली.

"काय काकी, आज जेवायला काय?"

मला तो खेळ येत नाही. मनातलं जेवण मला सांगता येईना. म्हणून जे खरं होतं तेच सांगितलं.

"शिराळ्याची भाजी. खोबरं घालून. परवाची उरलीय अजून."

तिने डोळे मिटून घेतले.

"गप बसा," ती म्हणाली. "घसा सुकतो माजा."